झोपण्याची जागा : एका संकेताची अनेक उत्तरे

शब्दकोडे सोडविण्याचा छंद ज्यांना आहे त्यांना 'झोपण्याची जागा' हा संकेत नवा नाही. मराठी वर्तमानपत्रांतील कोड्यांत तो कधी आडव्या, कधी उभ्या शब्दांत वरचेवर भेटत राहतो. दोन घरे मोकळी असतील तर खाट, बाज, शेज, शय्या, माचा यांपैकी काहीही चालते. तीन असतील तर पलंग, मंचक, बिछाना, पथारी. चार असतील तर अंथरूण किंवा शेजघर. आणि कोडे रचणारा थोडा खट्याळ असेल तर धर्मशाळा. पाठ टेकण्याच्या एवढ्याशा गरजेसाठी भाषेने इतके शब्द का बाळगले असावेत, हा प्रश्न कोडे सुटल्यावरही मनात राहतो. या लेखात त्या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा आमचा विचार आहे. किलवणी, सेलवास, नरोली, खानवेल या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना तो परका वाटू नये. कारण या संकेताचे एक फार जुने उत्तर आपल्या दमणगंगेच्या काठीच सापडते.

प्रथम कोड्याविषयी थोडे. शब्दकोड्याचा खेळ फार प्राचीन नाही. मूळचे लिव्हरपूलचे आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीत शंकरपाळ्याच्या आकाराचे एक कोडे छापले, तेव्हापासून या खेळाचा आजचा इतिहास सुरू होतो. तो देवनागरीत आला तेव्हा त्याची जात थोडी बदलली. रोमन लिपीत एका घरात एक वर्ण बसतो. आपल्याकडे एका घरात काना-मात्रा-वेलांटीसह, प्रसंगी जोडाक्षरासह, पुरे अक्षर बसवावे लागते. त्यामुळे आडव्या-उभ्या शब्दांचे जुळणे अधिक अवघड होते आणि अधिक निर्णायकही. 'शेज'मधील 'शे' उभ्या 'शेतकरी'ला चालेल, 'शहाणा'ला चालणार नाही. शेवटचे 'ज' हे अक्षर 'जकात'मधून आले असेल तर बाज आणि शेज दोन्ही संभवतात. पहिले घर 'बातमी'चे की 'शेतकरी'चे, हे कळेपर्यंत पेन्सिल थांबवून धरावी लागते. तात्पर्य, नुसता संकेत उत्तर देत नाही. उत्तर देतात ते त्याला छेदून जाणारे शब्द.

ही साधी गोष्ट एकेकाळी न्यायालयालाही विचारात घ्यावी लागली होती. स्वातंत्र्याच्या आगेमागे आपल्या देशात बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे पेव फुटले होते. प्रवेशमूल्य भरायचे, छापील चौकट भरून पाठवायची आणि निकालाच्या दिवसाची वाट पाहायची, असा तो प्रकार. मुंबई राज्याने १९४८ मध्ये कायदा करून अशा स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसविला. १९५२ च्या दुरुस्तीने परराज्यात छापून येथे खपणारी कोडीही त्या कक्षेत आणली. बंगळूरहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या वृत्तपत्रातील आर. एम. डी. सी. कोड्यांचे चालक चमारबागवाला यांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ९ एप्रिल १९५७ रोजी न्यायालयाने निकाल दिला की, हा बुद्धीचा खेळ नसून जुगार आहे. एका संकेताला दोन-दोन शब्द सारखेच लागू पडतात, त्यांतील 'बरोबर' कोणता हे चालकांनी आधीच ठरवून ठेवलेले असते, आणि स्पर्धकाने केवळ त्यांच्या मनातले ओळखायचे असते. मग त्यात कौशल्य ते कोणते? १९५५ च्या केंद्रीय कायद्याने तर अशा स्पर्धांची बक्षिसे महिन्याला एक हजार रुपयांपुरती आणि प्रवेशिका दोन हजारांपुरत्या मर्यादित करून टाकल्या, आणि त्या व्यवसायाचा जोर ओसरला.

खाट की बाज, हे नुसत्या संकेतावरून ठरवणे म्हणजे नाणे उडवणेच होय. मग ठरवायचे कसे? आमच्या मते, कोड्यात जे काम छेदणारे शब्द करतात तेच काम शब्दांच्या जगात इतिहास करतो. कोण झोपले, कोणाच्या जागेत, कोणाच्या परवानगीने, किती रात्रींसाठी, या उभ्या ओळी जुळविल्या म्हणजे आडवा शब्द आपोआप वाचता येऊ लागतो. त्या ओळींची सुरुवात नाशिकपासून करावी लागेल.

महाराष्ट्रात झोपण्याची म्हणून मुद्दाम बांधलेली आणि आजही उभी असलेली सर्वांत जुनी जागा कोणती, असे विचारले तर लेणी, असेच उत्तर द्यावे लागते. 'लेणे' हा शब्दच मुळी 'लयन' या संस्कृत शब्दापासून प्राकृतातील 'लेण' या रूपाने आला आहे, आणि लयन म्हणजे विसाव्याची, टेकण्याची जागा. भाजे, कान्हेरी, नाशिक येथील विहारांत भिक्षूंच्या लहान खोल्या आहेत आणि त्यांपैकी अनेकींत दगडातच कोरलेले ओटे आहेत. ती त्या काळची शेज. पावसाळ्याचे महिने भिक्षूंनी एका ठिकाणी काढावेत असा नियम होता. त्या मुक्कामाला वर्षावास म्हणत. सह्याद्रीच्या पावसात चार महिने निवारा देणारी जागा डोंगराच्या पोटात कोरून घेणे हे दात्याचे मोठे पुण्य मानले जाई.

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, ज्याला आपण पांडवलेणी म्हणतो, तेथे क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचे लेख आहेत. इतिहासाचे अभ्यासक ते इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील मानतात. त्यांतील एका लेखात त्याने आपल्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी मिळावेत अशी तजवीज केली आहे. त्यासाठी विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक या दराने ठेवले. वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बारा म्हणजेही दोनशे चाळीस. हिशेब पैला पै जुळतो. निवारा दिला की पांघरुणाचीही सोय पाहायची, आणि ती आपल्या पश्चात चालू राहील अशी पाहायची, हा विचार दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी इतक्या चोखपणे केला होता.

परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो त्याचा दुसरा लेख. त्यात उषवदाताने भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक म्हणजे सोपारा, या ठिकाणी चौसोपी विश्रांतिगृहे बांधून प्रवाशांना निवारा दिल्याचे नोंदविले आहे. आणि इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका या नद्यांवर नावांनी फुकट उतार करून देऊन त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर सभागृहे आणि पाणपोया उभारल्याचेही सांगितले आहे. या यादीतील पारादा म्हणजे पार, दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी, आणि दमण म्हणजे आपली दमणगंगा, असे अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या नदीकाठी आज आपली घरे आहेत, त्याच नदीच्या दोन्ही काठांवर परक्या वाटसरूला टेकण्याची सोय एका राजपुरुषाने केली होती, आणि ती केल्याचे त्याला दगडात कोरून ठेवावेसे वाटले. लेखात विश्रांतिगृहासाठी 'वसध' असा शब्द येतो; त्याचे संस्कृत रूप 'आवसथ'. त्याच्या मुळाशी 'वस्' हा धातू आहे. हा धातू वाचकांनी लक्षात ठेवावा. लेखाच्या अखेरीस त्याचे काम पडणार आहे.

उषवदाताची विश्रांतिगृहे काळाच्या ओघात नाहीशी झाली, परंतु ती परंपरा खंडित झाली नाही. मध्ययुगात तिने सराई, मुसाफिरखाना, धर्मशाळा अशी नावे घेतली. अहिल्याबाई होळकर (१७२५–१७९५) यांनी माळव्याचा कारभार पाहता पाहता देशभरच्या तीर्थक्षेत्री घाट, देवळे आणि धर्मशाळा बांधल्या, हे सर्वश्रुत आहे. आपल्या राज्याच्या सीमेबाहेर, जेथून एक पैचाही महसूल मिळणार नाही अशा ठिकाणी, अनोळखी यात्रेकरूसाठी छप्पर उभारणे यात त्या परंपरेचे सार आहे. रात्री दार वाजविणाऱ्यास, तू कोण, असे आधी न विचारणे, हा धर्मशाळेचा धर्म.

मात्र हा धर्म सर्वांसाठी पाळला गेला नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातील उच्च शिक्षण घेऊन बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यास गेले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहण्यास जागा मिळेना. एका पारशी पथिकाश्रमात ते पारशी नाव सांगून राहिले. काही दिवसांनी लाठ्या घेतलेले लोक दाराशी आले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. कमाटी बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. 'झोपण्याची जागा' या चार घरांच्या संकेताला 'धर्मशाळा' हे उत्तर लिहिताना त्या विद्वानाची ती संध्याकाळ विसरता येत नाही. पंढरपुरातील धर्मशाळांतूनही अस्पृश्य वारकऱ्यांना प्रवेश नव्हता. संत गाडगे महाराजांनी तेथे चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली ती याच कारणाने, आणि १९४९ मध्ये ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. शब्दाचा अर्थ कोशात असतो. त्याची व्याप्ती किती, हे मात्र दार उघडणारा ठरवतो.

सार्वजनिक निवाऱ्यावरून आता घराकडे वळू. जुन्या मराठी घरात झोपण्याची म्हणून वेगळी खोली क्वचितच असे. शेजघर हा शब्द वाड्यांचा. सामान्य घरात रात्र पडली की वळकट्या सोडायच्या आणि दिवसाच्या जागाच रात्रीच्या करायच्या. ओटीवर किंवा ओसरीवर पुरुष मंडळी आणि आलागेला पाहुणा, माजघरात बायका-मुले, पडवीत गडी, माळ्यावर धान्याच्या कणग्यांशेजारी एखादा तरुण मुलगा. कोणाचे अंथरूण कोठे पडते यावरून त्याचे घरातील स्थान समजे. ओटी ही एका अर्थी प्रत्येक घराने चालविलेली छोटी धर्मशाळाच होती. अनोळखी वाटसरूलाही तेथे पथारी टाकता येई. उंबरा ओलांडून माजघरात येण्याचा अधिकार मात्र नात्याचा.

खाट आणि बाज यांतील फरकही येथेच कळतो. सुंभाने किंवा काथ्याने विणलेली बाज घरात एरवी भिंतीशी उभी असे. ती माजघराच्या आडोशाला आडवी पडे ती बाळंतिणीसाठी. बाजेखाली शेगडी ठेवून शेक द्यायचा, बाजेवर आई आणि मूल; घरातील स्त्रीला हक्काने आणि सन्मानाने उंच जागेवर झोपता येई ते पुष्कळदा एवढ्या दिवसांपुरतेच. म्हणून जुन्या बायकांच्या तोंडी 'बाजेवर असणे' म्हणजे बाळंतीण असणे. कोड्यातल्या दोन घरांत खाट आणि बाज सारख्याच बसतील. घरातल्या व्यवहारात त्या एकमेकींची जागा घेत नाहीत.

आपल्या प्रदेशात याला आणखी एक पदर आहे. आपले वारली, कोकणा, धोडिया शेजारी या भूमीचे आपल्यापेक्षा जुने रहिवासी. कारवीच्या काठ्यांचा कुड, त्यावर शेणामातीचा लेप, असे त्यांचे परंपरागत घर. त्यात पलंगाला जागा नाही आणि गरजही नाही. सारवलेली जमीन हीच शेज. शेतात पीक उभे असले की रात्रीची राखण करणाऱ्यासाठी चार खांबांवरचा माळा. आपल्या वाडवडिलांनी या भागात पाय ठेवला तेव्हा निवाऱ्यासाठी जे शिकावे लागले त्यातले बरेचसे याच घरांकडे पाहून.

शेज हा शब्द शय्येवरून आला आणि तो माणसांपेक्षा देवांपाशी अधिक टिकला. देवळातील दिवसाची अखेर शेजारतीने होते. देवाला निजवायचे आणि पहाटे काकडआरतीने उठवायचे. पंढरपुरात आषाढी आणि कार्तिकी यात्रेच्या दिवसांत मात्र विठ्ठलाचा पलंग काढून ठेवतात. लाखो वारकरी दारी आले असता देवाने निजायचे नाही, रात्रंदिवस दर्शन द्यायचे. यात्रा पार पडल्यावर प्रक्षाळपूजा होते आणि मग त्याला विश्रांती मिळते. तुळजापूरची भवानी वर्षातून तीन वेळा पलंगावर निद्रा घेते. घोरनिद्रा, श्रमनिद्रा आणि मोहनिद्रा अशी त्यांची नावे. दसऱ्यानंतरच्या श्रमनिद्रेचा पलंग पुणे जिल्ह्यातील घोडेगाव येथे तयार होऊन गावोगावचा मुक्काम करीत तुळजापुरास पोहोचतो. यजमानाने पाहुण्यांसाठी जागे राहावे आणि श्रमल्यावर निजावे, हा घरचा शिष्टाचार लोकांनी देवालाही लावला आहे.

हा पलंग शब्द आपल्याला पुन्हा आपल्या भूमीच्या इतिहासाशी आणून सोडतो. पर्यंक किंवा पल्यंक या संस्कृत शब्दापासून पलंगही आला आणि पालखीही. पालखी म्हणजे चालणारी शेज. पोर्तुगीज या किनाऱ्यावर आले तेव्हा त्यांनी हाच शब्द 'पालांकिम' करून उचलला आणि त्यांच्यामार्फत तो युरोपच्या इतर भाषांत पसरला. इंग्रजांनी आपली खाट नेली आणि तिची 'कॉट' केली; पुढे तीच कॉट लोखंडी पायांवर उभी राहून इस्पितळांतून आणि वसतिगृहांतून आपल्याकडे परत आली. आज मराठी घरात खाट आणि कॉट असे दोन्ही शब्द नांदतात, आणि त्या सख्ख्या बहिणी आहेत याची आठवण फारशी कोणाला नसते. पोर्तुगीजांनी आपल्याला चावी दिली, पगार दिला. झोपण्याच्या बाबतीत मात्र देणे आपले आहे.

पोर्तुगीजांचे या भूमीतील वास्तव्यही असेच शब्दांच्या अर्थाशी जोडलेले आहे. १७७९ मध्ये पेशव्यांशी झालेल्या तहाने त्यांना बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे देण्याचे ठरले. 'सांताना' या त्यांच्या जहाजाच्या नुकसानीचा संदर्भ त्यामागे होता. त्याप्रमाणे १७८३ मध्ये नगर हवेलीची गावे त्यांच्याकडे गेली, १७८५ मध्ये दादराही गेले. पुढे पावणेदोनशे वर्षांनी हा तह हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे आला. प्रश्न असा होता की, मराठ्यांनी दिले ते राज्य की केवळ महसूल? 'जहागीर', 'सरंजाम' या मराठी दप्तरातील शब्दांचा तेथे कीस काढला गेला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने असे मानले की, त्या दानाने सार्वभौमत्व दिले गेले नव्हते, महसुलाचा हक्क तेवढा दिला होता. पोर्तुगालचे आधिपत्य मान्य झाले ते पुढे ब्रिटिश काळात, त्यांच्या मूक संमतीने. ज्याला काही काळ उत्पन्न घेण्याची मुभा दिली त्याने घरच आपले मानले, असा तो प्रकार. एका शब्दाच्या दोन अर्थांत एवढे अंतर असू शकते. हा निकाल लागला तेव्हा येथील पोर्तुगीज सत्ता संपून सहा वर्षे होत आली होती. २ ऑगस्ट १९५४ रोजी सेलवास मुक्त झाले. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतीय संघराज्यात सामील झाला आणि २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीवसह त्याचा एकच केंद्रशासित प्रदेश झाला.

आता एकच उभी ओळ पाहायची राहिली, ती कामगारांची. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसाला झोपण्याच्या जागेसाठी एक नवाच अर्थ शिकावा लागला. गावकीच्या खोल्यांत एका खोलीत दहा-वीस जण राहत. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. दिवसपाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा त्याच जागी आडवा होई. अंथरुणाला थंड व्हायला सवड नसे. १९२० च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बी. डी. डी. चाळींच्या २०७ इमारती बांधल्या. त्यांतील खोली एकशे साठ चौरस फुटांची. तीत संसार, आणि संसाराबाहेरचे गावचे पाहुणे गॅलरीत. ओटीचे काम गॅलरीने केले. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण तेथे उपदेश म्हणून नव्हे तर शब्दशः पाळावी लागे. तरीही गावाहून आलेल्या नव्या मुलाला, जागा नाही, असे सहसा कोणी सांगितले नाही. मुंबईतील मराठी समाज उभा राहिला त्याचा पाया या दाटीत आहे.

हे चित्र आता आपल्या दाराशी आले आहे. गेल्या काही दशकांत सेलवास, मसाट, पिपरिया, खडोली या भागांत कारखाने उभे राहिले आणि त्यांच्या आश्रयाने उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून कामगार आले. पत्र्याच्या चाळी उठल्या. त्यांतल्या खोल्यांत पुन्हा तीच व्यवस्था आहे: भिंतीच्या खुंट्यांना पिशव्या, कोपऱ्यात गुंडाळलेली अंथरुणे, पाळीप्रमाणे झोपणारी माणसे. आपल्या बैठकांतून त्यांच्याविषयी बोलणे निघते तेव्हा 'बाहेरचे लोक' हा शब्द सहजी येतो. तो उच्चारताना आपण आपल्याच इतिहासाकडे पाठ फिरवीत नाही ना, हे तपासून पाहिले पाहिजे, असे आम्हास वाटते. कारण आपली कुटुंबे येथे आली तीही कोणाच्या तरी ओटीवर पहिली रात्र काढूनच. कोणी चाकरीच्या निमित्ताने, कोणी शेतीच्या, कोणी शाळेच्या, कोणी व्यापाराच्या. आपणही येथले आहोत हे सांगण्याचा आपला अधिकार खराच. परंतु आपल्या आधी येथे असलेल्यांनी आपल्याला पथारी टाकू दिली, हा त्या अधिकाराचा पाया आहे.

येथे आपण तो 'वस्' धातू पुन्हा हाती घेऊ. संस्कृतात त्याचा अर्थ राहणे, आणि विशेषेकरून रात्र काढणे. त्यावरून आवसथ, त्यावरून उषवदाताचे वसध, त्यावरूनच वसती आणि आपली मराठी 'वस्ती'. या शब्दाची गंमत अशी की मराठीत त्याचे दोन अर्थ आजही जिवंत आहेत. 'आज रात्री तुमच्याकडे वस्तीला येतो' म्हणजे एका रात्रीपुरता येतो. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झालेली एसटी पुढे खेडोपाडी पोहोचली, तेव्हा रात्री गावातच थांबून पहाटे परत फिरणाऱ्या गाडीला लोकांनी 'वस्तीची गाडी' असे नाव दिले. आणि दुसरीकडे 'नदीकाठी जुनी वस्ती आहे' असे म्हणतो तेव्हा तीच वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची झालेली असते. एका रात्रीचा निवारा आणि कायमचे गाव, या दोहोंना भाषेने एकच शब्द ठेवला. पहिल्याशिवाय दुसरे होत नाही, हे तिला ठाऊक असावे.

'मुक्काम' या अरबीतून आलेल्या शब्दाचीही तीच कथा. सैन्याचा, दिंडीचा, वाटसरूचा मुक्काम म्हणजे उद्या सकाळी हलणारा तळ. परंतु आपण पत्रावर पत्ता लिहितो तेव्हा गावाच्या नावाआधी काय लिहितो? 'मु. पो. किलवणी'. ज्यांच्या सात पिढ्या एका गावात गेल्या त्यांचाही पत्ता मुक्कामानेच सुरू होतो. पोस्टाच्या कारकुनाला त्यात तत्त्वज्ञान अभिप्रेत नसेल. तरीही लिहिणाऱ्याने क्षणभर थांबून त्या दोन अक्षरांकडे पाहावे असे त्यांत काहीतरी आहे.

तेव्हा संकेत पुढे येईल आणि घरे दोनच असतील, तर वाचकांनी खाट, बाज, शेज यांच्या जोडीला 'वस्ती' हा शब्दही मनात धरावा, अशी आमची सूचना आहे. छेदणारी अक्षरे जुळली तर तो अचूक बसेल. कोड्यात नाही बसला तरी आपल्या इतिहासात तो चपखल बसतो. या अंकाच्या वाचकांत जी ज्येष्ठ मंडळी आहेत, त्यांच्या घरांत ओटी, माजघर, माळा, बाज, वळकटी हे शब्द अजून वापरात असतील. नव्या सदनिकांत या जागाच नसल्यामुळे पुढच्या पिढीला ते केवळ कोड्यातले शब्द म्हणून भेटतील. ते लिहून ठेवावेत. कोण कोठे निजत असे आणि घरात पहिली रात्र कोणी कोणाच्या आश्रयाने काढली, हेही त्यासोबत लिहून ठेवावे. दमणगंगेच्या दोन्ही तीरांवर आपण काय बांधले, हे उषवदाताने दगडावर कोरले. आपल्याला कागद पुरेल.